दहा ते सव्वासहा

लॅबच्या काचेच्या दारातून ताई आत आली तेव्हा भिंतीवरच्या पाटीवर अठ्ठावीस लागला होता. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर पस्तीस होता. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तोंडाला कोरड पडली होती, आणि पर्समधला फोन सात वाजल्यापासून मांडीवर थरथरत होता. बसल्यावरही तिने तो काढून पाहिला नाही. कोण असेल आणि काय हवं असेल हे तिला न बघताच सांगता आलं असतं: आधी जनरेटरवाला, मग ड्रायव्हर, मग नायिकेची आई. समोरच्या ओळीत खिडकीजवळ एक मुलगी एक पाय लांब करून बसली होती, शेजारी भिंतीला काठी टेकवलेली. ताईचं लक्ष आधी काठीकडे गेलं, मग पायाकडे, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याकडे. ती शिट्टी होती, पूर्वी सेटवर तिच्या हाताखाली असलेली. शिट्टीने वर पाहिलं. त्याच वेळी पाटीवर एकोणतीस लागला, आणि तो शिट्टीचाच असणार, कारण आतल्या बाईने तो दोनदा पुकारला तरी खोलीतलं दुसरं कोणी हललं नाही. शिट्टी उठली, काठी घेतली आणि आत जायचं सोडून बाहेरच्या दाराकडे चालू लागली. घाईने नाही, पाय तिला घाई करू देत नव्हता. ताईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून ती गेली, आणि जाताना ओढणी अंगाशी धरली, चुकूनसुद्धा स्पर्श होऊ नये अशी. दार बंद झालं. आतल्या बाईने तीस पुकारला. ताईच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की ही पण उपाशी आली असणार.

सेटवर तिला सगळेच ताई म्हणायचे, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा असलेला लाइटवालासुद्धा. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेची ती प्रॉडक्शन मॅनेजर होती. म्हणजे नेमकं काय हे तिच्या सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. सासू शेजारणींना सांगायची, आमची सून टीव्हीत आहे, पण दिसत नाही. साठ माणसं उद्या सकाळी सातला कुठे उभी असतील हे आज ठरवायचं, आणि सकाळी ती तिथे नसली तर असल्यासारखं करून दाखवायचं, असं ते काम. अठरा वर्षं तिने ते केलं आणि या अठरा वर्षांत तिचा आवाज कधी चढला नाही. या धंद्यात ही नवलाची गोष्ट होती. इथे मॅनेजर म्हटलं की शिव्या आल्याच; वॉकीटॉकीवरून आईबहीण निघणं हे हजेरी घेण्यासारखं होतं. ताई मात्र माणसाला बाजूला घ्यायची, बसायला खुर्ची द्यायची, जेवलास का विचारायची. कोणाच्या बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, कोणाची बहीण कितवीत नापास झाली, सगळं तिला तोंडपाठ असायचं. माणूस चिडून सोडून जायला निघाला की तिच्यासमोर येईपर्यंतच चिडलेला असायचा. दुसरा चहा येईस्तोवर तो म्हणायचा, ठीक आहे ताई, हा महिना काढतो. आणि ते महिने मग वर्षावारी निघत. ती खोटं बोलत नसे. तिला खरोखरच त्या सगळ्यांविषयी वाटायचं, आणि तेच तिच्या हातातलं हत्यार आहे हे तिला कधी जाणवलं नव्हतं, किंवा जाणवलं असलं तरी तिने त्याच्याकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं.

शिट्टी तिच्या हाताखाली दोन वर्षं होती. कलाकारांना मेकअपच्या खोलीतून वेळेवर सेटवर आणायचं, एवढं सोपं दिसणारं तिचं काम. पहिल्याच दिवशी चाळीस माणसांच्या गलक्यात तिचा बारीक आवाज कोणाला ऐकू जाईना, तेव्हा तिने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की दिग्दर्शकाच्या हातून कप पडला. तेव्हापासून तेच नाव पडलं. तेवीस वर्षांची, बाप नसलेली, थोरल्या भावाच्या घरी राहणारी. भाऊ कडक होता. तिने या लायनीत येऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. शिट्टी दोन वर्षांत तीनदा राजीनामा घेऊन आली होती. तिन्ही कागद ताईच्या टेबलाच्या खणात होते. तिने ते टाकून दिले नव्हते. का नाही, हे तिला सांगता आलं नसतं. जपून ठेवलेली पत्रं असावीत तसे ते होते.

सुई टोचली तेव्हा तिने मान वळवली. डावीकडे भिंतीवर माणसाच्या शरीरातल्या शिरांचं चित्र होतं, लाल आणि निळं, चामडी काढलेला एक माणूस तळहात पुढे करून उभा. तिला वाटलं, आपल्याला बघून कोणी तरी उठून जातं. साहेबांना बघून जातात, चॅनेलच्या माणसांना बघून लोक जिन्याने जातात, ते तिने पाहिलं होतं, त्यावर हसलीही होती. आपण त्यांच्यातले नाही हे तिने इतकं गृहीत धरलं होतं की तसा विचारही कधी केला नव्हता. कापूस दंडावर दाबून ती बाहेर आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. शिट्टी कुठे नव्हती. फोनवर सतरा मिस्ड कॉल होते. त्यांतले चार साहेबांचे.

साहेब म्हणजे निर्माता; वयाने तिच्याहून लहान, पण पैसा त्याचा, म्हणून साहेब. स्टुडिओ शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत होता, एकेकाळी तिथे पुठ्ठ्याची खोकी बनत. अजूनही पाऊस असला की भिंतींना खळीचा वास सुटे. वर पत्रा होता; उन्हाळ्यात आतमध्ये दिवे लागले की मेकअपवाली सांगे, चेहऱ्यावर काही लावलं की ते तासाभरात गळ्यात येतं. साहेबांची केबिन तेवढी थंड. तिथे त्यांनी ताईला पाणी दिलं आणि सांगितलं की मास्तरने राजीनामा दिलाय. मास्तर हा शिट्टीच्या जागी आलेला. शाळेत गणित शिकवायचा, टीव्हीच्या वेडाने नोकरी सोडून आला. दोन वर्षांत अकरा जण गेलेत, मास्तर बारावा, साहेब म्हणाले. आणि आता चॅनेलने लिहून कळवलं होतं: तुमच्याकडे माणूस टिकत नाही, दर दोन महिन्यांनी नवा माणूस नव्या चुका करतो, आणखी कोणी गेलं तर पुढचं वर्ष दुसऱ्या कंपनीला देऊ. म्हणजे साठ माणसांचं पोट. साहेब ओरडले नाहीत. ताईशी ते कधीच ओरडत नसत. ते म्हणाले, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.

केबिनमधून सेटवर जाताना तिने ठरवलं, मास्तरला थांबवायचं नाही. असं तिने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं. ठरवल्याबरोबर अंग हलकं झालं. अकरा जण तिच्या डोळ्यांसमोरून जात होते. एक जण पाठीच्या मणक्याने गेला. दिवसाला सोळा तास उभा. एक जण न सांगता गेला, दुपारच्या जेवणाला म्हणून बाहेर पडला तो वॉकीटॉकी कमरेला तसाच लावून, आणि दोन दिवसांनी वॉकी पार्सलने आला. एकीने जाताना ताईच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. तेव्हा ताईलाही रडू आलं होतं आणि रडता रडताच तिने विचारलं होतं, सोमवारपर्यंत तरी येशील? ती सोमवारपर्यंत आली होती. सोमवारनंतर तीन आठवडे आली होती. मास्तर कपड्यांच्या रॅकमागे उकिडवा बसून दुसऱ्या दिवसाच्या वेळा लिहीत होता. त्याचं अक्षर फळ्यावरचं होतं, सुबक. त्याने ताईला पाहिलं आणि उभा राहिला, शाळेत तपासनीस आल्यावर उभं राहतात तसा.

तिने त्याला खुर्ची दिली. ही पहिली चूक, पण हात आपोआप गेला. त्याने सांगितलं की जुन्या शाळेच्या बाईंचा निरोप आलाय, जागा रिकामी आहे, शनिवारपर्यंत कळवायचंय. चार महिन्यांची मुलगी आहे, तो घरी जातो तेव्हा झोपलेली असते, निघतो तेव्हा झोपलेली असते. गेल्या रविवारी त्याने तिला उचललं तर परक्याने उचलावं तशी रडली, आईकडे दिल्यावर गप्प झाली. हे सांगताना तो हसला. ताईला म्हणायचं होतं, जा. शब्द तोंडाशी आला होता. त्याऐवजी तिने स्वतःचाच आवाज ऐकला, मऊ, नेहमीचा, की चार महिन्यांच्या लेकराला काय कळतंय, कळायला लागेल तेव्हा तिचा बाप मॅनेजर असेल. शाळेत काय, वीस वर्षांनी तोच फळा. बायकोला माझ्याशी बोलायला सांग, मी समजावते. आणि मग ते वाक्य, जे ती शेवटी टाकायची आणि जे दर वेळी खरं असायचं:

"तू गेलास तर मी कोणाकडे बघू?"

मास्तरने वहीकडे पाहिलं. कपड्यांच्या रॅकवर नायिकेची लग्नातली साडी आणि सुतकातली साडी शेजारी शेजारी लटकत होती. मग तो म्हणाला, तुम्ही आहात म्हणून, ताई. आणि बसला, आणि उरलेल्या वेळा लिहायला घेतल्या. ताई तिथून निघाली. हे माझ्या तोंडून कोण बोललं, असं तिने स्वतःला विचारलं नाही, कारण तीच बोलली होती हे तिला नीट माहीत होतं. साहेबांना तिने मान हलवून कळवलं. त्यांनी केबिनच्या काचेतून अंगठा दाखवला.

घरी नवरा तिला म्हणाला, रिपोर्ट काय आला? तिने सांगितलं, उद्या मिळेल. तो बँकेत होता, साडेपाचला सुटायचा, भाजी आणायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा; घर त्याने चालवलं होतं आणि त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता, फक्त मधूनच म्हणायचा, आमच्या घरी तुम्ही पाहुण्या कलाकार. हे तो विनोदाने म्हणायचा. त्या आठवड्यात तिला त्यातला विनोद सापडेना. जेवताना, आंघोळ करताना, गाडीत, मध्येच ती ओढणी अंगाशी धरलेली दिसायची. तिने स्वतःची समजूत काढून पाहिली. मी तिच्यावर कधी ओरडले नाही. अपघातानंतर दवाखान्यात मीच पहिली पोचले. तिच्या पायात सळई घातली तेव्हा ऑपरेशनच्या दाराबाहेर चार तास मी बसले होते. हे सगळं खरं होतं. पण ते म्हणून झालं की त्याच्या खालून दुसरं वर यायचं, पाण्यात दाबून धरलेला चेंडू यावा तसं, आणि ते चौदा महिने तिने दाबून धरलं होतं.

त्या दिवसाचं सांगायचं तर नायिका तीन आठवड्यांसाठी परदेशी जाणार होती आणि तिचे अकरा प्रसंग एका दिवसात उरकायचे होते. सकाळी सातला सुरू झालेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चाललं. रात्री अकराच्या सुमारास शिट्टी आली आणि म्हणाली, ताई, मी जाऊ का, डोळ्यांसमोर ठिपके दिसतात. ताईने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, तोंडावर मारायला लावलं, आणि नेहमीचं ते वाक्य टाकलं. शिट्टी थांबली. सकाळी सव्वासहाला, चांगलं ऊन पडलं होतं, पाखरं ओरडत होती, शिट्टीने स्कूटर काढली. ताईने तिच्या डोक्यावरची टोपी सारखी करून दिली आणि म्हणाली, सावकाश जा गं. पंचवीस मिनिटांनी ती सरळ, रिकाम्या रस्त्यावर, दुभाजकावर गेली. झोप लागली होती, बाकी काही नाही. दवाखान्याच्या आवारात ताईला साहेबांचा फोन आला. त्यांनी आधी मुलगी कशी आहे ते विचारलं. मग विचारलं, हजेरीच्या रजिस्टरमध्ये ती किती वाजता गेली असं लिहिलंय? ताई म्हणाली, अजून लिहिलेलं नाही. साहेब म्हणाले, मग नियमाप्रमाणे लिहा. नियम असा होता की मुलींना रात्री दहापर्यंत सोडायचं. ताई स्टुडिओत परत गेली, रजिस्टर उघडलं, शिट्टीच्या नावापुढे रात्रीचे दहा लिहिले आणि सहीच्या रकान्यात शिट्टीची सही केली. सही तिला पाठ होती. राजीनाम्यांच्या तीन कागदांवर होतीच. तेव्हा तिला वाटलं होतं की हा नुसता एक आकडा आहे. मुलगी तर वाचली आहे, आकड्याने तिचं काय जाणार.

दुसऱ्या रविवारी सुट्टी होती. तिने फाइलमधून पत्ता काढला आणि दुपारी गेली. तिसरा मजला, लिफ्ट नव्हती. जिना चढताना तिने नकळत पायऱ्या मोजल्या, बावन्न, आणि काठी घेऊन बावन्न म्हणजे काय याचा विचार मध्येच सोडून दिला. दार वहिनीने उघडलं. शिट्टी आतल्या खोलीत पलंगावर बसून कुठल्याशा दुकानासाठी कपड्यांना बटणं लावत होती. ताईला बघून तिने सुई थांबवली नाही. वहिनी पाणी ठेवून गेली. ताईने पायाची चौकशी केली, औषधं विचारली, बरंच काही विचारलं आणि शिट्टीने सगळ्याची एकेका शब्दात उत्तरं दिली. मग ताई म्हणाली की त्या दिवशी लॅबमध्ये तू मला बघून गेलीस. शिट्टीने दोरा दातांनी तोडला.

"तुम्ही हाक मारली असतीत तर मी थांबले असते," ती म्हणाली. "म्हणून गेले."

ताई म्हणाली, मी तुझ्याशी कधी वाईट वागले का? हा प्रश्न तिने जिन्यात ठरवला नव्हता, पण तोच विचारायला ती आली होती हे तो विचारल्यावर तिला कळलं. शिट्टीने डोकं हलवलं. नाही, ती म्हणाली, कधीच नाही. मग बराच वेळ ती बटणांचा डबा हलवत राहिली आणि डब्यातच बघून बोलली.

"तुम्ही ओरडला असतात तर मी पहिल्या महिन्यातच गेले असते, ताई. ओरडणाऱ्याला सोडून जाता येतं."

आणि मग तिने सांगितलं ते ताईला माहीत नव्हतं. अपघातानंतर आठ दिवसांनी भाऊ स्टुडिओत गेला होता. बहीण कामावरून येताना पडली, म्हणजे कंपनीने बघायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. ऑफिसातल्या माणसाने त्याच्यापुढे रजिस्टर उघडलं. तुमची बहीण रात्री दहाला इथून गेली, ही तिची सही. भावाने सही ओळखली. घरी येऊन त्याने पायात सळई असलेल्या बहिणीला विचारलं की रात्री दहापासून सकाळी सव्वासहापर्यंत तू कुठे होतीस. तिने सांगितलं, कामावर होते. तो म्हणाला, सही तुझी आहे. चौदा महिने झाले, त्याने तिच्याशी त्यानंतर सरळ बोलणं सोडलं. वहिनीमार्फत बोलतो. ज्या घरी तिचं लग्न ठरत आलं होतं, त्यांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण गेलं, आणि त्यांनी नकाराचा निरोप पाठवला. त्याचं मला काही नाही, शिट्टी म्हणाली. पण रोज कोणी तरी या घरात त्या आठ तासांकडे बघत असतं. जेवताना बघतात. मी कोणाशी फोनवर बोलले की बघतात. मी तेव्हा तिथे काय करत होते माहितेय ना तुम्हाला, ती म्हणाली, नायिकेच्या दागिन्यांचा डबा पोटाशी धरून, उभ्या उभ्या झोपू नये म्हणून पाढे म्हणत होते.

भाऊ बाहेरच्या खोलीत होता. ताई उठली आणि बाहेर गेली. तिच्या मागे शिट्टी काठी टेकत आली, दारात उभी राहिली. भाऊ वर्तमानपत्र वाचत होता. रुंद कपाळाचा, थकलेला माणूस, कुठल्या तरी गोदामात हिशेबनीस. त्याने तिला या बसा म्हटलं. ताईने बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसल्यावर आपला आवाज नेहमीसारखा होईल याची तिला भीती वाटली. ती सही माझी आहे, ती म्हणाली. तुमची बहीण सकाळी सव्वासहाला निघाली, मीच तिला थांबवलं होतं, आकडा मी लिहिला. भावाने वर्तमानपत्राची घडी केली. परत उलगडली. परत घडी केली. हे लिहून द्याल, त्याने विचारलं. ताईने हो म्हटलं. त्याने कोरा कागद आणि पेन आणून दिलं, आणि ती लिहीत असताना घरात पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. ती कुठेही न अडता लिहीत गेली. अठरा वर्षं ती माणसांच्या वेळाच लिहीत आली होती. भावाने कागद दोनदा वाचला. मग चौदा महिन्यांनी बहिणीकडे सरळ बघून विचारलं, खरं? शिट्टी म्हणाली, मी तेव्हाच सांगितलं होतं. भाऊ उठला, आत गेला, आणि आतून कपाट उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला, पण तो परत बाहेर आला नाही. वहिनी दारामागे पदर तोंडाला लावून उभी होती. शिट्टीने कागद उचलून वाचला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बहिणीवर नाही बसला, ती म्हणाली, तुमच्या कागदावर बसला विश्वास. मग तिने ताईसाठी दार उघडून धरलं. ताई खाली आली. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. रस्त्यावर एक बाई छत्री दुरुस्तीवाल्याशी घासाघीस करत होती, आणि ताई उगाचच ती घासाघीस संपेपर्यंत तिथे उभी राहिली.

सोमवारी तिने सगळ्यात आधी मास्तरला गाठलं. खुर्ची दिली नाही, उभ्या उभ्या सांगितलं, शाळेत जा, मी चुकीचं बोलले होते. मास्तरने तिच्याकडे काळजीने पाहिलं, तिला बरं नाही असं वाटून. मग म्हणाला, त्यांना तर मी शुक्रवारीच नाही म्हणून कळवलं, जागा भरली पण. तुम्ही सांगितलंत ना. बायकोशीही बोललात, ती आता काही म्हणत नाही. आणि तो खरोखर समाधानी दिसत होता. ताईने त्याच्या हातातली वही पाहिली. त्याने पुढच्या तीन आठवड्यांच्या वेळा लिहून काढल्या होत्या, लाल शाईने समास आखून.

भाऊ कागद घेऊन कंपनीत गेला तो आणखी आठ दिवसांनी. साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं आणि पाणी दिलं. अठरा वर्षं फार झाली, ते म्हणाले, तुम्ही थकला आहात, ते मला दिसायला हवं होतं, माझीच चूक. रक्ताचा रिपोर्टही चांगला नाही म्हणे, सेटवर ऐकलं, प्रकृतीला जपा. ते उठून दारापर्यंत आले, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. ती आवारात आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला कामावरून काढून टाकलंय. कागदाचं पुढे असं झालं की कंपनीच्या वकिलाने कळवलं, रजिस्टर हा अधिकृत पुरावा आहे, आणि कामावरून कमी केलेल्या बाईने रागाने काहीबाही लिहून दिलं तर ते ग्राह्य धरता येत नाही. हे तिला भावाने फोन करून सांगितलं. त्याचा स्वर सभ्य होता. तिने शिट्टीची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, आहे, आणि त्याने फोन ठेवला.

घरात राहायची तिला सवय नव्हती. पहिले काही दिवस ती सकाळी साडेपाचला उठून बसायची आणि नवऱ्याला, मुलीला डब्याच्या वेळा सांगायची, ज्या त्यांना तिच्याशिवाय दहा वर्षं ठाऊक होत्या. मुलगी एकदा म्हणाली, आई, मी जाते गं शाळेत रोज. मग तिने वेळा सांगणं सोडलं. दुपारी घर इतकं शांत असायचं की फ्रिज सुरू झाला तरी ती दचकायची. तीन महिन्यांनी, अशाच एका दुपारी, ती गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होती तेव्हा मास्तरचा फोन आला. मॅनेजर तोच झाला होता. तिला ते कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना कपड्यांचं ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावं लागलं. त्याने तिच्या प्रकृतीची चौकशी केली, नवऱ्याची केली, मुलीची परीक्षा कधी आहे ते त्याला आठवत होतं. मग म्हणाला, एक अडचण आहे. नवीन मुलगी घेतली होती, हुशार आहे, पण दोन महिन्यांत जाते म्हणते. डोळे दुखतात, चक्कर येते म्हणते. बाहेर बसलीय आत्ता, राजीनामा घेऊन. चॅनेलचं तर तुम्हाला माहीतच आहे.

"तुम्ही काय बोलायचात, ताई? सुरुवात कशी करायचात?"

ताई कठड्याला टेकली. खाली कोणी तरी गाडी धुत होतं, पाणी रस्त्यावरून वाकडंतिकडं वाहत होतं. तिच्या मनात पहिलं उत्तर तयार होतं, पूर्ण, क्रमवार: आधी बसायला खुर्ची दे, मग जेवलीस का विचार, मग आईचं विचार. ते तिने तोंडाबाहेर येऊ दिलं नाही, आणि त्यासाठी तिला दात घट्ट आवळावे लागले.

"ओरड तिच्यावर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. जितकं घाण बोलता येईल तितकं बोल."

पलीकडे मास्तर हसला. चांगलं, मनमोकळं हसला. ते आपल्याच्याने व्हायचं नाही, म्हणाला, तुमच्या हाताखाली शिकलोय मी. काळजी नका करू, बघतो मी. त्याने फोन ठेवला, पण घाईत नीट ठेवला नसावा, कारण तो बंद झाला नाही. ताईला खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग दार. मग मास्तरचा आवाज, लांबून, मऊ, की ये, बस, जेवलीस का. मुलगी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ताईने फोनमध्ये त्याला हाक मारली, दोनदा, मग मोठ्याने. शेजारच्या गॅलरीतल्या बाईने वळून पाहिलं. ताई ओरडत होती, आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी, आणि पलीकडे मास्तर त्या मुलीला तिच्या आईची तब्येत विचारत होता.